टॅग लावताना तो काढायचाही विचार करा

जिवाणूंकडून हवं ते प्रथिन बनवून घेताना त्याच्या टोकाला एक जास्तीचा तुकडा जोडतात, तो टॅग. माझं पहिलं प्रथिन सगळंच्या सगळं गाळात गेलं. ई. कोलाय या जिवाणूच्या पेशी फोडल्या, सेंट्रिफ्यूज केलं, जेलवर (इथे प्रथिनं वजनानुसार वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसतात) पाहिलं तर जाडजूड बँड, म्हणजे पट्टा, गाळाच्या लेनमध्ये आणि वरचं द्रावण जवळजवळ कोरं. हिस-टॅग लावला होता: सहा हिस्टिडिन, वजन एक किलोडाल्टनही (प्रथिनांच्या वजनाचं एकक) नाही. पण हा टॅग प्रथिन पकडायला मूठ देतो, ते विरघळवत नाही. हे मला गाळ बघून कळलं.

मग एमबीपी (माल्टोज या साखरेला चिकटणारं, सहज विरघळणारं प्रथिन) टॅग म्हणून लावला, तब्बल 42 किलोडाल्टनचा. प्रथिन बनवणं सुरू करणारं आयपीटीजी घातल्यावर तापमान 37 वरून 18 अंशांवर आणून रात्रभर वाढवलं. बँड वर आला, अमायलोज कॉलमला (एमबीपी धरून ठेवणाऱ्या कणांनी भरलेल्या नळीला) चिकटला, 10 मिलिमोलर माल्टोजने सुटला. मी खूश. टीईव्ही प्रोटिएजने (ठरावीक जागी प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमने) टॅग कापायला ठेवून घरी गेलो. सकाळी नळी पांढरी गढूळ! घडी नीट न पडलेलं प्रथिन एमबीपीने नुसतं धरून ठेवलं होतं. आधार सुटला, तसं ते खाली बसलं.

म्हणून आता सगळा साठा कधीच एकदम कापत नाही. आधी 50 मायक्रोलिटर घ्या, शेजारी प्रोटिएज न घातलेली तेवढीच नळी ठेवा, दुसऱ्या दिवशी दोन्ही फिरवून गाळ आणि द्रावण वेगवेगळं जेलवर चालवा. एक दिवस जातो, पण महिना वाचतो.

जीएसटी हा आणखी एक टॅग 26 किलोडाल्टनचा, पण स्वतः जोडीने राहतो. तुमचं प्रथिन एकटं राहतं की जोडीने, हाच प्रश्न असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

हिस-टॅग पकडणाऱ्या निकेल कॉलमचा निळसर रंग येताजाता बघत राहा. पांढरा पडला तर बफरमध्ये धातू ओढून घेणारं ईडीटीए शिरलंय आणि निकेल धुऊन गेलंय. तपकिरी झाला तर बहुधा डीटीटी या क्षपणक रसायनाचा प्रताप. (माझा पांढरा पडला होता. प्रोटिएज रोखणाऱ्या गोळीत ईडीटीए होतं, वेष्टन मी वाचलंच नव्हतं.)

हिस-टॅग कापल्यावर मिश्रण पुन्हा निकेलवरून सोडतात. टीईव्हीला स्वतःचा हिस-टॅग असेल तर तो आणि कापलेला टॅग दोन्ही अडकतात. तुमचं प्रथिन न थांबता खाली उतरतं. एरवी असं खाली उतरणारं टाकाऊ असतं, त्या सवयीने ते सिंकमध्ये ओतणारे मी पाहिलेत. जेल बघितल्याशिवाय एकही नळी रिकामी करायची नाही.

माझं प्रथिन शेवटी टॅग बदलून आलंच नाही. टोकाचा सैल तुकडा वगळून नवा कन्स्ट्रक्ट (प्रथिनाचा डीएनए आराखडा) केला, त्याला तोच जुना हिस-टॅग लावला, आणि कापल्यानंतरही नळी सकाळी स्वच्छ होती.