व्हॅरे की नेस्टेड टेबल? आधी आकडा कोणी ठरवला ते विचारा

नव्या सहकाऱ्यांचा पीएल/एसक्यूएल (ओरॅकल डेटाबेसची प्रोग्रॅमिंग भाषा) कोड तपासायला आला की मी आधी टाइपच्या व्याख्या वाचते. व्हॅरेसमोर, म्हणजे ठरावीक कमाल आकाराच्या यादीसमोर, कंसात १० दिसले की माझा प्रश्न ठरलेला असतो: हे दहा कोणी ठरवले? ‘आजवर दहाच्या वर कधी गेलेलं नाही’ असं उत्तर आलं तर कोड परत जातो. ‘आर्थिक वर्षात तिमाह्या चारच असतात’ असं उत्तर आलं तर व्हॅरे अगदी योग्य आहे.

ओरॅकलमध्ये ॲरेसारखे प्रकार तीन. व्हॅरेची कमाल मर्यादा आधीच सांगावी लागते. नेस्टेड टेबल लागेल तसं वाढतं. असोसिएटिव्ह ॲरेही वाढतो, पण तो फक्त प्रोग्रॅमच्या मेमरीत राहतो, त्याचा कॉलम करता येत नाही.

तिमाहीचंच उदाहरण घ्या. पहिली जागा एप्रिल ते जून, चौथी जानेवारी ते मार्च. इथे क्रमालाच अर्थ आहे, आणि टेबलात साठवल्यावरही व्हॅरे तो क्रम जपतो. नेस्टेड टेबल साठवून परत वाचलं तर क्रमाची हमी नाही. व्हॅरेची अडचण एवढीच की साठवलेल्यातला एकच घटक एसक्यूएलने बदलता येत नाही, अख्खा व्हॅरे नव्याने लिहावा लागतो. चार आकड्यांसाठी ते चालतं.

आता सातबारा घ्या. गटावर आज तीन भावांची नावं आहेत. एक भाऊ गेला, वारस नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, की त्याच्या जागी पत्नी आणि मुलांची नावं चढतात. पुढच्या पिढीत आणखी. किती खातेदार असावेत याला वरची मर्यादा कोणी घालूच शकत नाही. इथे व्हॅरे(२०) लिहिणं म्हणजे एखाद्या वारसाची नोंद ओआरए-०६५३२ या मर्यादा ओलांडल्याच्या एररवर अडणार, हे आजच ठरवून ठेवणं. आल्टर टाइपने मर्यादा वाढवता येते हे खरं, पण फक्त वाढवता येते, कमी करता येत नाही. आणि त्या टाइपवर अवलंबून असलेल्या टेबलांपर्यंत तो बदल पोचवावा लागतो. कोणाचं तरी नाव अडल्यावर ही धावपळ का करायची?

मग खातेदारांसाठी नेस्टेड टेबलचा कॉलम करायचा का? माझं मत नाही असं आहे. ओरॅकल तो डेटा शेवटी वेगळ्याच टेबलात ठेवतं आणि लपवलेल्या कॉलमने मूळ ओळीशी जोडतं. त्यापेक्षा खातेदारांचं स्वतंत्र टेबल फॉरेन कीसह (मूळ टेबलाशी जोडणाऱ्या कॉलमसह) आपणच बनवावं. पुढे ते वाचणाऱ्याला सगळं डोळ्यांसमोर दिसतं. नेस्टेड टेबल मी प्रोसीजरच्या आत वापरते: दोन याद्यांतला फरक काढायला, एखादं मूल्य यादीत आहे का ते पाहायला.

वाढत्या ॲरेचा खरा धोका मेमरीचा. बल्क कलेक्टने (अनेक ओळी एकदम ॲरेत भरणाऱ्या आदेशाने) मोठं टेबल एका दमात उचललं तर सगळा भार त्या सेशनच्या पीजीएवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मेमरीवर, येतो, आणि तीच प्रोसीजर एकाच वेळी अनेक जण चालवत असतील तर सर्व्हर गुदमरतो. म्हणून कर्सर (क्वेरीच्या ओळी टप्प्याटप्प्याने वाचायचं साधन) उघडून फेचला, म्हणजे एका वेळच्या उचलीला, लिमिट द्या. मी १०० पासून सुरुवात करते आणि मोजून गरज दिसली तरच वाढवते.

लिमिटसोबत एक चूक इतकी सर्रास दिसते की ती नीट समजून घ्या. समजा १,०५० ओळी आहेत आणि लिमिट १०० आहे. शेवटच्या फेचला ५० ओळी येतात आणि त्याच वेळी ‘नॉटफाउंड’ (मागितल्या तेवढ्या ओळी मिळाल्या नाहीत) खरं होतं. फेचनंतर लगेच ते तपासून लूपबाहेर पडलात तर त्या ५० ओळींवर काम होतच नाही, आणि एररही येत नाही. बाहेर पडायची अट ‘काउंट शून्य’ (एकही ओळ आली नाही) अशीच ठेवा.

नेस्टेड टेबलमधून मधला घटक डिलीट केला की तिथे भोक राहतं. फर्स्ट ते लास्ट असा साधा लूप तिथे ओआरए-०१४०३ (‘डेटा सापडला नाही’) देतो. नेक्स्टने पुढच्या शिल्लक घटकावर सरका, फोरऑलमध्ये (एकगठ्ठा इन्सर्ट-अपडेट करणाऱ्या आदेशात) ‘इंडायसेस ऑफ’ लिहा. व्हॅरेत मधला घटक काढताच येत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न नाही.

एरर वाचतानाही घाई नको. ओआरए-०६५३३ म्हणजे मर्यादा शिल्लक आहे, पण एक्सटेंडने जागा वाढवलेली नाही. ०६५३२ म्हणजे मर्यादाच ओलांडली (किंवा इंडेक्स शून्य अथवा ऋण दिला). ०६५३१ म्हणजे कलेक्शन (व्हॅरे किंवा नेस्टेड टेबल) कन्स्ट्रक्टरने सुरूच केलेलं नाही.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसकडे वळणाऱ्यांसाठी: तिथे कॉलमच्या व्याख्येत इंटिजरपुढे चौकटी कंसात ४ लिहिलं तरी पोस्टग्रेस तो आकडा पाळत नाही, पाचवा घटकही निमूट घेतं. चारच हवे असतील तर चेक कन्स्ट्रेंट (ओळ साठवताना तपासली जाणारी अट) घाला, आणि त्यात ‘ॲरे_लेंग्थ’ऐवजी ‘कार्डिनॅलिटी’ वापरा. रिकाम्या ॲरेची ‘ॲरे_लेंग्थ’ नल (म्हणजे ‘मूल्यच नाही’) येते, नलवर चेक अडत नाही, आणि रिकामी ओळ आत शिरते. ‘कार्डिनॅलिटी’ तिथे शून्य देते आणि ओळ अडते. कॉलमला नॉट नलही लावा, कारण ॲरेच नल असेल तर ‘कार्डिनॅलिटी’सुद्धा नलच देते.