गेममधल्या गाडीला इंजिनाचा आवाज देताना या चुका टाळा

असेट्टो कोर्सा या कार रेसिंग गेमसाठी स्वतः बनवलेली गाडी ट्रॅकवर आणली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि काहीच ऐकू आलं नाही? बहुतेक वेळा घोळ नावांचा असतो. गाडीचं फोल्डर, एसएफएक्स फोल्डरमधली बँक फाइल (गाडीचे आवाज हिच्यात असतात) आणि शेजारच्या, आवाजांचे ओळखक्रमांक असलेल्या जीयूआयडी टेक्स्ट फाइलमधल्या ओळी, तिन्हीकडे गाडीचं नाव अक्षरशः सारखं लागतं. दुसऱ्या गाडीचं फोल्डर कॉपी केलं असेल तर जुनं नाव कुठेतरी राहून गेलेलं असतं. नावं बरोबर असतील तर बँक बनवणाऱ्या एफमॉड स्टुडिओ या सॉफ्टवेअरची आवृत्ती तपासा. या गेमला १.०८.१२ मध्ये तयार केलेली बँक लागते.

आवाज येतोय, पण गाडी ओळखू येत नाही, ही खरी दुखरी जागा. समजा, तुम्ही मारुती ८०० बनवताय. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) सेकंदाला ७५ ठोके. चार सिलिंडरला तेच १०० होतात. मग चार सिलिंडरचा आवाज घेऊन पिच (स्वराची उंची) खाली ओढायचा मोह होतो. तो आवरा. ठोक्यांबरोबर सायलेन्सरचा घुमारही खाली येतो आणि एवढीशी गाडी टेम्पोसारखी बोलू लागते. आठशेची ती घरघर ज्यांच्या कानात बसली आहे, त्यांना हे लगेच खटकतं. आवाज तीन सिलिंडरच्या गाडीचाच शोधा, आणि दुसऱ्याने रेकॉर्ड केलेला असेल तर त्याला आधी विचारा.

इंजिनाचा आवाज वेगवेगळ्या आरपीएमच्या क्लिप एकमेकींत मिसळून बनतो, आणि ऑटोपिच ही एफमॉडमधली सोय आरपीएमप्रमाणे प्रत्येक क्लिपचं पिच वर-खाली करते. सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ऑटोपिचच्या रूट आकड्यात असते. क्लिप नेमक्या किती आरपीएमची आहे, तो हा आकडा. अंदाजाने लिहू नका. ऑडासिटी या ऑडिओ एडिटरच्या स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे, त्या आलेखात) ठोक्यांचा सुळका शोधा आणि तीन सिलिंडरसाठी त्याचे हर्ट्झ ४० ने गुणा. सुळका ७८ वर असेल तर क्लिप ३१२० आरपीएमची आहे. तिला ३००० म्हटलंत, तर ३००० ला शेजारच्या क्लिपमध्ये मिसळताना ७८ आणि ७५ एकमेकांवर चढतात आणि सेकंदाला तीनदा वॉव-वॉव ऐकू येतं. लोक याला इक्वलायझरने झाकू पाहतात. ते झाकलं जात नाही.

पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या क्लिपमध्ये, म्हणजे लूपमध्ये 'टक्' येतंय? ३००० आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र ४० मिलिसेकंदांचं. त्याच्या पटीत आणि लाट शून्यावर असताना कापा, फाइल वॅव्हच ठेवा. एमपी३ सुरुवातीला रिकामी जागा घालते.

न्यूट्रलमध्ये रेस देऊन केलेलं रेकॉर्डिंग पोकळ वाटतं, कारण इंजिनावर भारच नसतो. चढावर, वरच्या गिअरमध्ये, एकाच आरपीएमला स्थिर चालवून घ्या. उतारावर पाय काढून वेगळं घ्या. दोन्ही थ्रॉटलच्या पॅरामीटरवर, म्हणजे पाय किती दाबलाय त्याप्रमाणे, मिसळा. गाडी एकाने चालवावी, रेकॉर्डर दुसऱ्याने धरावा. फोन वापरत असाल तर ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय) बंद करा, नाहीतर तो रेस वाढवली की आवाज दाबतो आणि आवाजाची सगळी चढण सपाट होते.

आणि वरच्या आरपीएमला आवाज एकदम तुटत असेल तर गाडीच्या डेटा फोल्डरमधली इंजिनाची आयएनआय फाइल उघडा. तिथला लिमिटर, म्हणजे कमाल आरपीएमचा आकडा, तुमच्या शेवटच्या क्लिपच्या पुढे गेलेला असतो.