सुरी-कुऱ्हाडीवर हात बसवायचा कसा: दोन फांद्यांची एक दुपार

दोन फांद्या हव्यात, दोन्ही मनगटाएवढ्या जाड. एक नुकतीच छाटलेली, ओली, दोन हातांहून जरा लांब. दुसरी हातभर लांब, गेल्या उन्हाळ्यातली, वाळून कडकडीत झालेली. एवढ्यावर अख्खी दुपार जाते. संध्याकाळपर्यंत ताडपत्री ताणायला चार खुंट्या, भांडं टांगायची एक आकडी आणि कोरा चहा उकळेल इतकं जळण तयार होतं. रानात राहायचं कसब शिकायला निघालेली मंडळी पहिल्याच दिवशी झोपडी बांधायला घेतात. त्यात झाडं नाहक तुटतात आणि बोटंही कापली जातात. म्हणून मी सगळ्यांना हाच दोन फांद्यांचा धडा देतो.

जागा आधी ठरवा

आपल्या ‘जवळच्या रानात’ म्हणजे नक्की कुठे, हे ठरल्याशिवाय पिशवी भरू नका. राखीव वनात झाड तोडणं आणि आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 नुसार गुन्हा आहे. अभयारण्यातले नियम याहून कडक असतात. देवराईत तर वाळकी काटकीही उचलू नये. तो कायद्याचा नाही, गावाचा शब्द आहे आणि तो पाळलाच पाहिजे. उरतं ते मालकीचं रान: स्वतःचं, नातेवाइकांचं किंवा ज्यांनी तोंडभरून ‘या’ म्हटलंय त्यांचं. कोकणात बरंचसं रान खाजगी मालकीचं असल्याने अशी जागा मिळायला अडचण येत नाही. घाटावर शेताचा बांध, विहिरीजवळची झाडी किंवा ओढ्याकाठचा तुकडाही पुरतो.

मालकीच्या जागेतही सगळीच झाडं तोडता येत नाहीत. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत साग, खैर, ऐन, हिरडा, मोह, आंबा, फणस, चंदन अशी झाडं आहेत. ती परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. पण सरावासाठी झाड पाडायचंच कशाला? बांधावर सुबाभूळ माजलेली असते, ऑस्ट्रेलियन बाभळीच्या फांद्या दर पावसात मोडून पडतात. सुबाभूळ छाटली की दुप्पट जोमाने फुटते, त्यामुळे सरावासाठी ती सगळ्यात बरी. शिवणीची फांदी मिळाली तर नशीब समजा. कोरीवकामाला इतकं समजूतदार लाकूड आपल्याकडे फार थोडं आहे.

एक झाड मात्र हात लावण्याआधी ओळखायलाच हवं, ते म्हणजे बिब्बा. त्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात, आणि त्याच्या जळणाचा धूरही बाधतो. थोराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्यावर बेतू शकतं. कण्हेर विषारी आहे, तिची काडी भाजायच्या सळईसाठी वापरू नये आणि चुलीतही घालू नये. गिरीपुष्प बांधोबांधी असतं आणि खुंट्यांना चालतं, पण त्याचा चमचा किंवा डाव करू नका. झाडाचं नाव ठाऊक नसेल तर ती फांदी जागीच राहू द्या. नाव विचारायला गावात कोणी ना कोणी जाणतं माणूस असतंच.

हत्यारं

सुरीचं पातं तळहाताच्या रुंदीएवढं, म्हणजे नऊ-दहा सेंटीमीटर असावं. याहून लांब पात्याने बारीक काम होत नाही. मूठ आणि पातं यांच्यामध्ये सांधा नको, म्हणजे घडी घालायची सुरी नको. पात्याचं लोखंड मुठीत आतवर गेलेलं असावं. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या यासाठी जगभर वापरतात. त्या महागही नसतात, आणि त्यांच्या धारेचा उतार एकसारखा सपाट असल्याने नवशिक्याला धार लावणं सोपं जातं.

कुऱ्हाड हातभर दांड्याची असावी, डोकं सहाशे ते सातशे ग्रॅमच्या आसपास. बाजारातली चकचकीत कुऱ्हाड घेण्यापेक्षा लोहाराकडून घडवून घ्या. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं लोखंड धार चांगलं धरतं. दांडा धावड्याचा मिळाला तर उत्तम. विकत घेतलेल्या कुऱ्हाडीचं नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, तपासा. डोकं जरा जरी हलत असेल तर पाचर ठोकल्याशिवाय तिला हात लावू नका. ढिलं डोकं दांड्यातून निसटलं तर समोरच्या माणसाला लागतं.

कोयता चालेल का, असं कोकणातले लोक हमखास विचारतात. चालेल, फांद्या साळायला तर तो कुऱ्हाडीपेक्षा सरस आहे. कोकणी शेतकरी कंबरेमागच्या आकडीला कोयता अडकवून चढ-उतार करतो. हत्यार वाहून न्यायची याहून सोपी रीत मी पाहिलेली नाही. पण आकडी त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. आपण मात्र पात्याला चामड्याचं किंवा जाड रबराचं म्यान घालूनच चालावं. शहरातून नेताना हत्यार गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवावं. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे. शेतीच्या आणि घरगुती अवजारांना त्यातून सूट असली, तरी बसस्टँडवर हातात कुऱ्हाड घेऊन उभं राहू नये.

बसायचं कसं

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, कारण जखमा इथेच होतात.

पहिल्या वर्षी मी दगडावर बसून, फांदी मांडीवर टेकवून खुंटी तासत होतो. गाठ आली, मी जोर लावला, सुरी गाठीवरून सुटली आणि गुडघ्याच्या वर बोटभर रुतली. तीन टाके पडले. चार बोटं आत लागली असती तर निभावलं नसतं, कारण मांडीच्या आतल्या अंगाने मोठी रोहिणी जाते. ती कापली गेली तर रानातून दवाखान्यापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही.

तेव्हापासूनचा नियम असा: सुरी कधीही दोन मांड्यांच्या मध्ये चालवायची नाही. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवून पुढे वाका, म्हणजे हात आपोआप गुडघ्यांच्या पलीकडे जातात. नाहीतर फांदी शरीराच्या उजव्या बाजूला धरून बाहेरच्या दिशेने काप द्या. डावरे असाल तर डाव्या बाजूला. काप देण्याआधी स्वतःला विचारा, ‘सुरी सुटली तर कुठे जाईल?’ उत्तरात स्वतःचा हात, पाय किंवा दुसरं माणूस आलं तर आधी बसायची जागा बदला. सुरू करण्याआधी हात लांब करून स्वतःभोवती एक गिरकी घ्या. त्या टप्प्यात कोणी नको, विशेषतः मुलं.

आखूड कुऱ्हाड चालवताना उभं राहू नका, गुडघ्यावर बसा. उभ्याने मारलेला घाव चुकला की कुऱ्हाड नडगीवर येते, गुडघ्यावर बसलात तर ती समोरच्या मातीत जाते. खाली ओंडका हवाच. दगडावर एकदा पातं आपटलं की तासभराची धार गेली.

पहिली फांदी, ओली: खुंट्या

फांदीचे वीतभर लांबीचे चार तुकडे करा. एकाच जागी सरळ घाव घालत बसू नका. फांदी फिरवत चहूबाजूंनी तिरके घाव घाला आणि मग वाकवून मोडा. तुकडा ओंडक्यावर उभा धरून कुऱ्हाडीने टोक काढा. कुऱ्हाडीचा दांडा तिच्या लोखंडाच्या अगदी जवळ पकडायचा. घाव फार उंचावरून घालायचा नाही, कुऱ्हाडीच्या वजनाने काम होऊ द्यायचं. तुकडा धरलेला हात घावाच्या वर, अगदी वरच्या टोकाशी. टोक तीन-चार बाजूंनी निघालं की पुरे, त्याला पेन्सिल करायची गरज नाही.

आता सुरी घ्या. खुंटीचं वरचं तोंड सगळीकडून थोडं उतरतं करा. तसं केलं नाही तर ठोकताना ते फाटतं. मग दोरी अडकायला खाच घ्या. वरून दोन बोटं सोडून धार आडवी ठेवायची आणि लाकूड फिरवत दाबून उभा काप द्यायचा. त्याच्या खालून तिरका काप वर आणायचा आणि उभ्या कापापाशी थांबवायचा. ढलपी आपोआप सुटते. उभा काप आधी दिला नाही तर सुरी थांबत नाही आणि खाचेऐवजी फाट पडते. पहिल्या दोन खुंट्या ओबडधोबड होतील, होऊ द्या.

आकडी

या दोन फांद्यांखेरीज दुबेळकं, म्हणजे दोन फाटे, असलेली एक ओली काटकी शोधा. ती उलटी धरली की दुबेळकं आडव्या काठीवर बसतं. दुसऱ्या टोकाला, भांड्याची कडी अडकायला, चोचीची खाच करायची. लाकडावर सुरीने फुलीच्या आकाराचे दोन खोल काप द्या. चार भाग पडतील. वरचा, डावा आणि उजवा भाग कोरून काढा, खालचा ठेवा. तो वर तोंड केलेल्या चोचीसारखा दिसतो. चोचीच्या मागे सुरीच्या टोकाने थोडं आतवर कोरा, म्हणजे कडी सरकणार नाही. या एका खाचेत सुरीचे बहुतेक सगळे काप येतात. ती जमली की पुढचं सोपं.

दुसरी फांदी, वाळकी: आग

फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत हा भाग गाळा. गवत वाळलेलं असतं, वारा उठतो, आणि एका ठिणगीने अख्खी डोंगरउतरण जळते. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात बरे.

जमीन दोन हात गोलाकार साफ करा, मातीपर्यंत. पाण्याचं भांडं आधी भरून ठेवा. वाळकी फांदी ओंडक्यावर उभी करा, कुऱ्हाडीचं पातं तिच्या डोक्यावर टेकवा, आणि फांदी व कुऱ्हाड एकत्र उचलून आपटा. अंगठ्याएवढ्या फाकी निघतील. एक फाक गुडघ्यासमोर ओंडक्यावर टेकवून सुरीने वरून खाली लांब पातळ ढलप्या काढा, पण शेवटी तोडू नका. त्या फाकेलाच कुरळ्या होऊन लटकल्या पाहिजेत. अशा चार फाका झाल्या की पावसानंतरच्या दमट हवेतही आग धरते. बुडाशी नारळाचं सोडण, म्हणजे करवंटीवरचं तंतूंचं साल, पिंजून ठेवा, नाहीतर वाळक्या बांबूची वरची साल सुरीने खरवडून त्याचा भुसा घ्या. सावरीचा कापूसही चालतो, चकमकीच्या काळात तोच वापरत.

मांडणी तीन दगडांची. चहाला तेवढी पुरते, आकडी ही सरावापुरती. ओढ्यातले ओले दगड घेऊ नका, तापले की तडकतात. बांबूचं बंद पेर चुलीत घालू नका, फटाक्यासारखं फुटतं. आणि लाकडाच्या ढिगाऱ्यात हात घालण्याआधी काठीने चाळवा. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, तो आकाराने लहान आणि मातीच्या रंगाचा असल्याने दिसत नाही.

धार आणि पिशवी

घरी परतल्यावर सुरी निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, घासा. धारेचा उतार दगडावर पूर्ण टेकवून, दोन्ही बाजूंना सारखे हात. कुऱ्हाडीला आधी कानस, मग निसणा. दोन्हींवर खोबरेल तेलाचं बोट फिरवा, कोकणातल्या हवेत एका रात्रीत गंज धरतो. बोथट सुरी जास्त धोक्याची, कारण ती जोर मागते.

पिशवीत कापसाची घडी, रुंद पट्टी आणि मोबाइल असावा. खोल जखम झाली तर घडी ठेवून घट्ट दाबा, दहा मिनिटं उघडून बघू नका, आणि 108 ला फोन लावा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर रानात जाण्याआधीच ते विचारून घ्या.

निघण्यापूर्वी चुलीवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राख हाताला गार लागली की दगड जिथून आणले तिथे ठेवा आणि चुलीच्या जागेवर पाचोळा पसरा. खुंट्या मात्र पिशवीत टाका. पुढच्या वेळी त्यांच्यावर ताडपत्री ताणायची आहे.