वाचनालयाचं पुस्तक न वाचता परत जातंय?

घरकाम उरकून निवांत वाचू म्हटलं की मुदत संपते आणि पुस्तक निम्म्यातच परत जातं. माझं तरी असंच व्हायचं. आता क्रम उलटा केलाय.

१. पुस्तक आणल्याबरोबर पानांना दिवसांनी भागा. २८० पानं, १४ दिवस, म्हणजे रोज २०. हा आकडा आणि परतीची तारीख चिठ्ठीवर लिहून तीच खूण म्हणून पुस्तकात ठेवा.

२. खरकटी भांडी कोमट साबणपाण्यात बुडवा आणि वाचायला बसा. वीस पानं होईपर्यंत बुडाला करपलेलंही मऊ पडतं, घासायला कमी वेळ लागतो. कपडे भिजवले की तेच. लोक म्हणतात आळस, मी म्हणते भिजवणं!

३. चादरींना इस्त्री, माळ्यावरची आवराआवर वगैरे कामं पुस्तक परत जाईपर्यंत सरळ सोडून द्या. कुणाचं काही अडत नाही.

फक्त लोखंडी आणि लाकडी भांडी भिजत ठेवू नका. लोखंड गंजतं, लाकूड फुगून तडकतं. आणि हो, पुस्तक हातात घेण्याआधी हात कोरडे करा. ओल्या बोटाने उलटलेलं पान सुरकुततं, पुन्हा सहसा पहिल्यासारखं सपाट होत नाही.