मोठ्या फर्मच्या आर्टिकलशिप इंटरव्ह्यूला निघालात? या चुका टाळा

सीए इंटरमीजिएटचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं पुण्या-मुंबईच्या मोठ्या सीए फर्मना आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीए होण्याआधीच्या सक्तीच्या प्रशिक्षणासाठी, अर्ज टाकायला लागतात. त्यातली बरीच माझ्याकडे मॉक इंटरव्ह्यूला येतात. पोरं हुशार असतात, इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप काढलेले असतात, आणि तरीही दर खेपेला त्याच त्या चुका. ज्या चुकीची मला सगळ्यात जास्त चीड येते, ती आधी सांगतो.

उसना रेझ्युमे

टेलिग्रामवर तयार नमुना मिळतो. नाव बदललं, फोटो चिकटवला, झालं काम. मग ज्यानं ऑडिटची फाइल अजून उघडलेली नाही, त्याच्याही रेझ्युमेत स्टॅच्युटरी ऑडिट, इंटर्नल ऑडिट, टॅक्स ऑडिट असं सगळं ओळीनं येतं. समोरचा मॅनेजर त्यातल्याच एका ओळीवर बोट ठेवतो आणि पोरगा तिथेच अडकतो.

अमळनेरकडचा एक मुलगा असाच आला होता. याच रेझ्युमेवर एका फर्ममधून हात हलवत परत आलेला. त्यात ‘स्टॉक ऑडिट’ असं लिहिलं होतं. मी विचारलं, “स्टॉक मोजला कसा?” तर त्यानं एसए 501 (स्टॉक वगैरे तपासण्याबाबतचं ऑडिट स्टँडर्ड) घडाघडा म्हणायला सुरुवात केली. म्हटलं, “ते राहू दे. तू गेला कुठे होतास?”

“जिनिंगला, सर. काकांच्या ओळखीचे सीए आहेत, त्यांच्याबरोबर. मार्च एंडला.”

“मग तिथे काय काय केलं, ते सांग.”

आधी गप्प बसला, मग हळूहळू खुलला. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. तिथे रुईच्या गाठी मोजणं सोपं होतं. साधारण 170 किलोची एक गाठ, प्रत्येकीवर नंबर आणि वजन. अडचण होती आवारात उघड्यावर पडलेल्या कापसाच्या ढिगाची. तो काही काट्यावर चढत नाही. लांबी-रुंदी-उंचीवरून अंदाज काढला, पण सीएसाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. वर्षभराच्या खरेदीच्या काटापावत्या काढल्या. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. त्यावरून गाठी किती व्हायला हव्या होत्या, विकल्या किती, शिल्लक किती, हे सगळं याच पोरानं एक्सेलमध्ये मांडलं होतं.

एसए 520 या स्टँडर्डमधली ॲनालिटिकल प्रोसीजर (आकड्यांचा एकमेकांशी मेळ घालून तपासणी) म्हणजे दुसरं काय असतं? मी विचारलं, हे रेझ्युमेत का नाही? तर म्हणे, “सर, मोठ्या फर्ममध्ये जिनिंगचं कोण ऐकणार?”

ऐकतात! आम्ही ‘स्टॉक ऑडिट’ खोडून तिथे जिनिंगच्या कामाच्या दोन साध्या ओळी लिहिल्या. पुढच्या इंटरव्ह्यूत मॅनेजरनं त्यावरच विचारलं: सरकी बाय-प्रॉडक्ट (दुय्यम उत्पादन) धरायची की जॉइंट प्रॉडक्ट (रुईच्या बरोबरीचं)? पक्कं उत्तर पोराकडे नव्हतं. पण वजनात सरकी रुईपेक्षा जास्त निघते आणि तिची विक्रीही किरकोळ नसते, एवढं त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तिथून तो विचार करत बोलला. निवड झाली.

आपल्याकडे डाळ मिल आहे, केळीचा व्यापार आहे, सराफा आहे. शेतकऱ्याकडून कापूस घेतला की जीएसटी रिव्हर्स चार्जनं, म्हणजे विकणाऱ्या शेतकऱ्याऐवजी, जिनिंगवाल्याला भरावा लागतो, हे 2017 च्या नोव्हेंबरपासून चालू आहे. पुस्तकात एका ओळीत संपणारी ही गोष्ट तुम्ही प्रत्यक्ष चलनावर पाहिलेली असते. ती लपवू नका.

माझी पद्धत साधी आहे. रेझ्युमेच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं: मी कुठे होतो, कोणता कागद माझ्या हातात होता? सांगता आलं नाही तर ओळ खोडायची. शेवटी अर्धंच पान उरलं तरी चालेल.

पाठ केलेली ओळख

“मायसेल्फ अमुक अमुक” इथून सुरू होऊन “हार्डवर्किंग” आणि “टीम प्लेअर”वर संपणारी ती दोन मिनिटं. मध्येच कुणी प्रश्न विचारला की गाडी रुळावरून घसरते. इंग्रजीची भीती मला समजते, मराठी माध्यमातली मुलं मनापासून घाबरलेली असतात. म्हणून मी आधी सगळं मराठीत, घरचे अहिराणी बोलत असतील तर अहिराणीत सांगायला लावतो. मग तेच छोट्या इंग्रजी वाक्यांत. व्याकरण थोडं चुकलं म्हणून निवड अडलेली मी पाहिली नाही. घोकलेलं मात्र लगेच ओळखू येतं.

बाकीच्या चुका

“कुठलाही डिपार्टमेंट चालेल” म्हणू नका. स्टॅच्युटरी ऑडिट, डायरेक्ट टॅक्स, ट्रान्सफर प्रायसिंग (एकाच समूहातल्या कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहारांच्या किमती) यांत रोजचं काम काय असतं ते आधी विचारून घ्या आणि एक निवडा.

फर्मचं नाव नीट माहीत असू द्या. केपीएमजी म्हणत जाता, पण भारतात ऑडिट रिपोर्टवर सही बी एस आर अँड कंपनीसारख्या नेटवर्कमधल्या फर्मची असते. ईवायचं तसंच एस आर बाटलीबॉय.

उत्तर येत नसेल तर फेकाफेक करू नका. “आत्ता आठवत नाही, पण अमुक स्टँडर्डमध्ये बघेन,” इतकं पुरतं.

आयसीआयटीएसएस, म्हणजे आयटी आणि सॉफ्ट स्किल्सचं ट्रेनिंग, राहिलं असेल तर लगेच उरका. 1 जुलै 2023 पासूनच्या नियमांत दोन्ही ग्रुप आणि हे ट्रेनिंग झाल्याशिवाय आर्टिकलशिप सुरूच होत नाही, आणि मुदतही आता दोनच वर्षांची आहे. ‘जॉइन झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांना मी मॉकलाही बसवत नाही.

ऑनलाइन इंटरव्ह्यू गावाकडच्या घरून देणार असाल तर इन्व्हर्टर असलेलं नातेवाइकांचं घर आदल्या दिवशीच ठरवा. मोबाइलचा हॉटस्पॉट तिथे बसूनच तपासा, आणि तोही व्हिडिओ कॉल लावून.