झाडे लावण्याआधी तीन उन्हाळ्यांची तयारी

नवी मुंबईत पारसिक डोंगराच्या बेलापूरकडील उतारावर किंवा नेरूळच्या खाडीलगतच्या भरावावर देशी झाडे लावू पाहणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनी सर्वांत आधी पाण्याचा हिशेब मांडावा आणि रोपांची संख्या त्यावरून ठरवावी. एका रोपाला एका वेळी 10 लिटर पाणी धरले, तर 100 रोपांच्या एका फेरीला 1000 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 50 कॅन लागतात. आठवड्याला दोन फेऱ्या धरून फेब्रुवारीपासून पाऊस सुरू होईपर्यंतचे सुमारे 18 आठवडे मोजले, तर एका उन्हाळ्यात 36 फेऱ्या होतात, आणि असे निदान तीन उन्हाळे काढायचे असतात. हे कॅन वर कोण नेणार, याचे उत्तर नावांनिशी मिळत नसेल, तर 100 ऐवजी 30 रोपे लावावीत.

जागा वन विभागाची, सिडकोची की महापालिकेची, हे तपासून लेखी परवानगी हाती घ्यावी. तोंडी होकारावर खड्डे खणू नयेत.

रोपांची निवड जमीन पाहून करावी. मुरमाड उतारावर पळस, काटेसावर, बहावा, ऐन आणि शिवण तग धरतात; ओढ्याच्या काठी अर्जुन व करंज शोभतात; खारट भरावावर मात्र भेंड आणि उंडी यांच्यावर भिस्त ठेवलेली बरी. रस्त्याकडेला ताम्हण लावावे, कारण ते आकाराने आवरते राहते आणि आपले राज्यपुष्पही आहे. वड-पिंपळ मात्र कुंपणभिंत व गटारे यांपासून लांबच असावेत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले, त्यामुळे रोपवाटिकेने फुकट देऊ केली तरी ही रोपे या कामासाठी घेऊ नयेत. रोप घेताना त्याच्या उंचीवर भुलू नये. पिशवीच्या तळाशी मुळांनी वेटोळे घातले असेल, तर पाच फुटांच्या रोपापेक्षा दोन फुटांचे निरोगी रोप केव्हाही उजवे.

खड्डे मे महिन्यातच, सुमारे दोन फूट लांब, रुंद आणि खोल खणून उन्हात तापू द्यावेत आणि निघालेल्या मातीत शेणखत व थोडी निंबोळी पेंड मिसळून ठेवावी. लागवडीसाठी 5 जूनचा, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनाचा, मोह टाळावा. छायाचित्रांसाठी तो दिवस सोयीचा असतो, परंतु मुंबई परिसरात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे 10-11 जूनच्या सुमारास येतो, आणि जमीन खोलवर भिजायला त्यानंतरही काही दिवस जावे लागतात. जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ योग्य होय. पिशवी कापून पूर्ण काढावी, बांबूचा आधार द्यावा आणि सुतळी सैल बांधावी.

पावसाळ्यात पाणी द्यावे लागत नाही म्हणून मंडळी निर्धास्त होतात, आणि नेमक्या त्याच काळात गवत रोपांच्या डोक्यावरून जाते. सप्टेंबरमध्ये रोपाभोवती तीन फुटांचे वर्तुळ खुरप्याने स्वच्छ करून कापलेले गवत आळ्यात आच्छादन म्हणून पसरावे, मात्र ते बुंध्याला चिकटू देऊ नये. डोंगरावर खरी भीती वणव्याची असते; त्यासाठी गवत पूर्ण वाळण्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, लागवडीच्या चहूबाजूंनी गवत काढून मोकळा पट्टा तयार करावा. वणवा आला की हे आच्छादनही पेटते, म्हणून पट्टा झाला नसेल तेथे उन्हाळ्यापूर्वी ते उचलावे.

प्रत्येक रोपाला क्रमांक द्यावा आणि वहीत त्याचे नाव, लागवडीची तारीख व पाणी देणाऱ्याचे नाव लिहावे. पळस, काटेसावर आणि बहावा कोरड्या ऋतूत पाने गाळतात, तेव्हा निष्पर्ण काडी पाहून उत्साही स्वयंसेवकाने ती उपटण्यापूर्वी साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर रोप जिवंत आहे. शेंडा वाळला असला तरी बुंध्यातून पुढच्या पावसात फुटवा येऊ शकतो, म्हणून मेलेल्या रोपाची नोंद ऑगस्टपूर्वी करू नये.