हा उजेड कुणाचा? गेम आर्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत लागून मला तीन महिने झाले होते. मोबाइलवरच्या एका साहसी गेमसाठी पावसाळ्यातलं कोकणातलं गाव उभं करायचं होतं आणि त्यातलं एक मोठं चित्र माझ्याकडे आलं: जांभ्याच्या पायऱ्या, बाजूला शेवाळलेला गडगा, म्हणजे दगडांची कुंपणभिंत, वर कौलारू देऊळ. मुदत दोन दिवसांची. मी नेटवर फोटो शोधले. एकातून पायऱ्या घेतल्या, दुसऱ्यातून गडगा, तिसऱ्यातून आभाळ. वरून ब्रश फिरवून रंग एकजीव केले. आमचे आर्ट लीड, ज्यांना आम्ही सगळे दादाच म्हणायचो, माझ्या मागे येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघून म्हणाले, "अगं, पायऱ्यांवरचा हा उजेड कुणाचा?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं, "दगड कुणाच्या मालकीचा नाही. पण पाऊस थांबल्यावरचं तिरपं ऊन त्या ओल्या दगडावर पडलंय, ते तू रंगवलेलं नाहीस. त्या वेळी तिथे कुणीतरी कॅमेरा घेऊन उभं होतं. कोण?"

मला माहीत नव्हतं. फोटो डाउनलोड करून मी त्याचं नाव 'पायऱ्या_२' असं ठेवलं होतं आणि मूळ पान कधीच बंद केलं होतं. चित्रावरून उलटा शोध घेत मूळ छायाचित्रकारापर्यंत पोचायला अर्धा दिवस गेला. मी फोन केला, सगळं खरं सांगितलं, परवानगी मागितली आणि पैसे देण्याची तयारीही दाखवली. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "त्या पायऱ्या आमच्या ग्रामदैवताच्या आहेत. तिथे कुणी तलवार घेऊन माणसं मारतंय, हे मला बघवणार नाही. फोटो नका वापरू." विषय तिथे संपला. मी चित्र पुन्हा पहिल्यापासून रंगवलं, तीन दिवस लागले, आणि त्या उशिराबद्दल क्लायंटपुढे दादांनी उत्तर दिलं.

या कामात नव्याने येणारी मुलंमुली मला हमखास विचारतात की गेमच्या चित्रात तयार फोटो वापरणं चुकीचं आहे का. मला दर वेळी तो फोन आठवतो. नकार पैशासाठी किंवा कायद्यावर बोट ठेवून आला असता तर मला आधी अंदाज तरी बांधता आला असता. ग्रामदैवताची गोष्ट माझ्या डोक्यातही आली नसती. ती कळायला विचारावंच लागलं.

फोटो वापरण्यात मुळात गैर काही नाही, हे मी ठामपणे सांगते. हा धंदा त्यावरच वाढला आहे. १९९३ च्या 'डूम' या गेममधल्या काही बंदुका म्हणजे खेळण्यातल्या बंदुकांचे फोटो होते आणि काही राक्षस मातीच्या मूर्ती घडवून, त्या कॅमेऱ्यापुढे फिरवून केलेले होते. 'मॅक्स पेन' या गेमसाठी फिनलंडच्या रेमेडी स्टुडिओची माणसं न्यूयॉर्कला गेली आणि तिथल्या गल्ल्या, भिंती, दारं यांचे ढिगाने फोटो काढून घेऊन आली. २००१ मध्ये आलेल्या त्या गेमचं शहर खरं वाटतं, ते त्यामुळेच. या दोन्ही ठिकाणी फोटो त्यांचे स्वतःचे होते. फोटोचे तुकडे जोडून त्यावर रंगवण्याच्या पद्धतीला फोटोबॅशिंग म्हणतात. ती कुठल्याही स्टुडिओत सर्रास चालते आणि ती शिकून घ्यायला संकोच करू नका. फक्त तुकडा कुठून आला ते ठाऊक हवं.

रेफरन्स आणि वापर यांत पहिल्या वर्षी फार गोंधळ होतो. जांभ्याच्या गडग्याचे वीस फोटो समोर लावून बघत बसलात, शेवाळ आधी सांध्यात धरतं आणि मग चिऱ्याच्या तोंडावर पसरतं हे लक्षात आलं, आणि ते मनात ठेवून स्वतःची भिंत काढलीत, तर तो अभ्यास झाला. फोटोचा एक कोपरा जरी कापून चित्रात चिकटवला, तर तो वापर झाला, मग वरून कितीही रंग चढवा. या दोन्हींच्या मधे गिरवणं येतं: पिक्सेल एकही घेतलेला नसतो, पण माणसाची ठेवण, चौकट, सावली सगळं फोटोतलंच. अशा वेळी मी मूळ फोटो आणि माझं चित्र शेजारी ठेवते. फोटो काढणाऱ्याने पाहताक्षणी 'हा माझाच' म्हटलं असतं असं वाटलं, तर मी त्याला विचारते.

"कॉन्सेप्ट आर्ट आतल्या आत राहतं, ते गेममध्ये जात नाही, मग काय बिघडलं?" कॉन्सेप्ट आर्ट म्हणजे गेम घडवण्याआधी ती कशी दिसेल ते ठरवणारी चित्रं, आणि हा युक्तिवाद मोठ्या अनुभवी माणसांकडूनही ऐकू येईल. मला तो पटत नाही. कॉन्सेप्ट स्टुडिओत राहतच नाही. त्यावरून थ्रीडीवाले मॉडेल करतात, मार्केटिंगवाल्यांना घाई झाली की तेच चित्र स्टोअरच्या पानावर चढतं, आणि वर्षभराने तुम्ही स्वतः ते पोर्टफोलिओत तुमच्या नावाने लावता. शिवाय तोवर त्यातला फोटो कुठला, हे सगळे विसरलेले असतात.

विसरण्याचं काय होतं, ते कॅपकॉम या जपानी गेम कंपनीच्या प्रकरणात दिसलं. ज्युडी जुरासेक या अमेरिकन डिझायनर-छायाचित्रकार बाईंनी १९९६ मध्ये दगड, लाकूड, काच, धातू अशा पृष्ठभागांच्या फोटोंचं पुस्तक काढलं. सोबत सीडी होती, पण व्यावसायिक वापरासाठी वेगळा परवाना घ्यायचा होता. जून २०२१ मध्ये त्यांनी कनेटिकटच्या न्यायालयात दावा लावला की त्यांचे किमान ८० फोटो कॅपकॉमच्या गेममध्ये २०० हून अधिक ठिकाणी परवानगीशिवाय वापरले आहेत. 'रेसिडेंट ईव्हिल ४'च्या नावाच्या अक्षरांत दिसणारी फुटक्या काचेची नक्षीसुद्धा त्यांच्याच फोटोतली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याआधी २०२० मध्ये कॅपकॉमवर सायबर हल्ला होऊन फाइली बाहेर पडल्या होत्या. त्यातल्या धातूच्या एका फोटोच्या फाइलचं नाव आणि सीडीवरच्या फाइलचं नाव एकच असल्याचं दाव्यात दाखवलं होतं. २०२२ च्या सुरुवातीला दोन्ही बाजूंनी आपसात तडजोड केली, त्यामुळे न्यायालयाचा निकाल असा झालाच नाही. मला त्या प्रकरणात राहून राहून तो टेक्स्चर आर्टिस्ट, म्हणजे गेममधल्या वस्तूंना पृष्ठभाग चढवणारा, दिसतो, जो कधीतरी सीडी घालून हवी ती काच शोधत बसला असेल. त्याच्या मनात पाप असेलच असं मी मानत नाही.

याच जातीची चूक २०१३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस'मध्ये झाली. गेममधल्या भिंतीवर लावलेला बॉस्टनच्या मेट्रोचा नकाशा कॅमेरॉन बूथ यांनी केलेला होता आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी जाहीर तक्रार केली, गेम बनवणाऱ्या नॉटी डॉग स्टुडिओने त्यांच्याशी संपर्क साधला आणि प्रकरण सामोपचाराने मिटलं. भिंतीवरचा एक नकाशा, त्याच्याकडे खेळणारे धावता धावता क्षणभर बघणार. आपल्याला वाटतं एवढ्याने कुणाला कळणार आहे. करणाऱ्याला आपलं काम लांबूनही ओळखू येतं.

आता कायद्याचं थोडक्यात. फोटोत तीस टक्के बदल केला की तो आपला होतो, ही अफवा मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकली आहे. असा टक्का आपल्या कायद्यात कुठेही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं राहतो, आणि त्यासाठी नोंदणी लागत नाही. कोपऱ्यात नाव छापलेलं नाही म्हणजे फोटो बेवारशी आहे, असंही नाही. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, त्याच्यावर आज कुणाचाच कॉपीराइट नाही. पण गेल्या वर्षी कुणी काढलेल्या त्याच्या फोटोवर त्या माणसाचा आहे. तुम्ही स्वतः तिथे जाऊन बघून काढलेलं चित्र तुमचं. आपल्या गेम बहुधा अमेरिकेतल्या स्टोअरवरही विकल्या जातात, म्हणून तिथला एक निकाल माहीत असू द्या. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला. १९८४ मध्ये त्यावरून चित्र करायला एका मासिकाने त्यांना ४०० डॉलर दिले, आणि प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉलने त्या एका फोटोवरून चित्रांची मालिकाच केली. २०१६ मध्ये त्यातलं दुसरं एक चित्र छापायला वॉरहॉल फाउंडेशनला सुमारे दहा हजार डॉलर मिळाले, गोल्डस्मिथना काहीच नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. वॉरहॉलचा हात लागूनही मूळ फोटोचा हिशेब सुटला नाही.

मोफत फोटो भरपूर आहेत, पण 'मोफत' हा शब्द वाचून थांबू नका. पॉली हेवन आणि अँबियंटसीजी या ठिकाणचं साहित्य सीसी झीरो परवान्याखाली असतं, ते कशातही वापरता येतं, नाव देण्याचंही बंधन नाही. विकिमीडिया कॉमन्सवर मात्र दर फाइलचा परवाना वेगळा: कुठे नाव द्यावं लागतं, कुठे तुमचं कामही त्याच परवान्याखाली खुलं करावं लागतं, आणि ही दुसरी अट स्टुडिओला बहुतेक वेळा परवडत नाही. विकत घेतलेल्या टेक्स्चरच्या अटीही वाचा. चेहऱ्यांच्या बाबतीत तर मी फार कडक आहे. बाजारात टिपलेला भाजीवाल्या मावशींचा फोटो तुम्ही स्वतः काढलेला असला तरी त्यांच्या चेहऱ्यावरून चेटकीण करायचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. त्यांना नीट समजावून सांगा, लेखी होकार घ्या, नाहीतर चेहरा मनाने काढा.

एआयने तयार केलेल्या चित्राबद्दलही विचारलं जातं. तिथे माझी अडचण अशी की ते कुणाच्या फोटोंवरून शिकून आलं, हे मला नोंदवताच येत नाही. म्हणून अंतिम कामात मी ते घेत नाही.

नोंद म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. एक साधी शीट: फाइलचं नाव, कुठून घेतली, कुणी काढली, कुठला परवाना, कुठल्या तारखेला. परवाना दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉटही ठेवा, कारण पानं बदलतात. आणि चित्राच्या फाइलमधल्या प्रत्येक लेयरला, म्हणजे एकावर एक रचलेल्या थराला, नाव द्या. आता उमेदवारांच्या आर्ट टेस्ट मी तपासते, तेव्हा शेवटच्या चित्राइतकीच लेयर असलेली मूळ फाइल बघते. 'लेयर ४७ कॉपी कॉपी' असं दिसलं की मी मुलाखतीत विचारतेच. एका मुलीने 'दार, स्वतःचा फोटो, आजोळचा वाडा, वाई' असं लिहिलं होतं. तिच्या रेखाटनात उणिवा होत्या, पण तिच्याबरोबर काम करायला मला आवडेल हे तिथेच ठरलं.

जमेल तितक्या लवकर स्वतःची फोटोंची पेटी भरायला लागा. मोठ्या लायब्ररीत युरोपातले खडक आणि शेवाळ उत्तम मिळतं, मला हवा तसा जांभा तिथे सापडला नाही. ढगाळ दिवस निवडा, म्हणजे सावल्या पडत नाहीत आणि गेममधला उजेड तुम्हाला हवा तसा टाकता येतो. भिंतीसमोर अगदी सरळ उभे राहा, जरा लांबून झूम करून घ्या म्हणजे कडा वाकत नाहीत. एक्सपोजर हाताने बांधून ठेवा, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये घ्या, पहिल्या फोटोत करड्या रंगाचं कार्ड धरा, म्हणजे नंतर रंग नीट जुळवता येतात. थ्रीडी स्कॅन करायचा असेल तर प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग आला पाहिजे. आणि घर कुणाचं असेल तर आधी हाक मारा.

दोन वर्षांपूर्वी आषाढात राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत मी अशीच गडग्यापाशी उभी होते. पडवीतून एक आजोबा विचारत आले, "पडक्या गडग्याचो फोटो कित्याक गो?" मी लॅपटॉप उघडून गेममधलं गाव दाखवलं, यात भिंती लागतात म्हणून सांगितलं, लढाया होतात तेही सांगितलं. त्यांनी निरखून पाहिलं. मग म्हणाले, "ह्यो कालचो गडगो. गोठ्यामागचो बघ, माझ्या आज्यान रचलेलो," आणि छत्री उघडून पुढे चालू लागले.